वाचून ऐकवले, बरोबर म्हणाले

उभ्या नोकरीत मी एकाही चोराचा पाठलाग केला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पोलिसाच्या आठवणी म्हणून हे पान उघडणाऱ्या वाचकाची निराशा व्हायचीच असेल, तर ती पहिल्या ओळीत व्हावी. माझ्या कमरेला पट्टा होता, डोक्यावर साफा होता, पण हातात मात्र कायम टाक होता. निजामाच्या राज्यात पोलीस ठाण्याच्या लेखनिकाला मुहर्रिर म्हणत. परंडा तालुक्यातल्या एका ठाण्यावर मी मुहर्रिर होतो. ठाण्याचे आणि ज्या गावाची ही हकीकत आहे त्या गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या गावातली नातवंडे आज मला बाजारात भेटतात, वाकून नमस्कार करतात, आणि तो नमस्कार नेमका कशाला आहे हे मला अजून उमगलेले नाही. हा लेख लिहिण्याचे तेच एक कारण आहे. उमगले असते तर कदाचित लिहिला नसता.

पोलिसात मी उशिरा आलो, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्याआधी शाळेत शिक्षक होतो. मुलांना फारसी आणि मराठी शिकवीत असे. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्याविषयी शेरा लिहिला, ‘विद्वान आहेत, परंतु मुलांना यांचा धाक वाटत नाही.’ हा शेरा वाचून आमच्या एका वजनदार नातलगांनी मला पोलीस खात्यात चिकटवून दिले. ज्याचा धाक दहा वर्षांच्या मुलांना वाटत नाही त्याला पोलिसात पाठवणे हा विनोद होता की उपाय, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. पत्नी आणि तीन मुली घरी होत्या. मी साफा बांधायला शिकलो. लोक मात्र मला शेवटपर्यंत ‘मास्तर’च म्हणत राहिले.

आता या धंद्याची रीत थोडी सांगायला हवी, कारण पुढचे सगळे त्या रीतीवरच उभे आहे.

ठाण्यातला सारा कारभार उर्दूत चाले. फिर्यादी मराठीत बोलणार, मी ते ऐकत ऐकत उर्दूत उतरवणार, आणि शेवटी फिर्यादीचा अंगठा घेणार. त्याला उर्दू येत नसे. बहुतेकांना कुठलेच वाचायला येत नसे. म्हणून कायद्याने सोय केली होती. प्रत्येक जबानीच्या आणि पंचनाम्याच्या अखेरीस एक ठरलेले वाक्य लिहावे लागे, ‘पढकर सुनाया गया, सही तसलीम किया.’ म्हणजे वाचून ऐकवले, बरोबर म्हणाले. हे वाक्य सगळेच मुहर्रिर लिहीत. वाचून मात्र फारसे कोणी ऐकवीत नसे. वाक्य लिहिले की वाचल्यासारखेच झाले, अशी समजूत होती.

मला ते जमेना. यात सचोटीचा भाग किती आणि शिक्षकी सवयीचा किती, हे सांगणे कठीण आहे. वर्गात धडा वाचून झाला की मुलाला उभे करून त्याच्या शब्दांत सांगायला लावायचे, ही माझी दहा वर्षांची खोड. तीच मी ठाण्यात आणली. लिहून झाले की मराठीत वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, “आता तुमच्या तोंडानं सांगा, मी काय लिहिलंय?” माणूस सांगे. कुठे चुकले तर मी खोडून पुन्हा लिहीत असे. आमचे जमादार गफूरमियाँ मिशा कुरवाळीत म्हणत, “भरली का शाळा, मास्तर? घंटा वाजवू का?”

एकदा सोनारीच्या यात्रेहून एक कापडवाला तावातावाने आला. काळभैरवाच्या देवळासमोर एका वानराने त्याची पगडी पळवली होती आणि पगडीत अदालतीच्या तारखेचा कागद खोचलेला होता. त्याचा हट्ट की वानरावर फिर्याद लिहा. मी समजावले की वानराचे नाव, बापाचे नाव, राहण्याचा पत्ता, यांतले काही आपल्यापाशी नाही. तो म्हणाला, “पत्ता हाय की. काळभैरवाचं शिखर.” अखेर कागद हरवल्याची नोंद केली. रिवाजाप्रमाणे वाचून दाखवले आणि वदवून घेतले. त्याने शेवटपर्यंत नीट सांगितले, आणि वर म्हणाला, “समदं बरूबर. फकस्त वान्नर तेवढा सोडला तुमी. सरकारी माणूस सरकारी माणसाला धरत न्हाय म्हणा.” गफूरमियाँ आठवडाभर हसत होते.

या वाचून दाखवण्याचा बोभाटा हळूहळू आसपासच्या गावांत झाला. लोक ठाण्याच्या ओट्यावर बसून राहू लागले. गफूरमियाँ लिहायला बसले तर म्हणत, “ऱ्हाऊ द्या. मास्तर येऊ द्या.” मला हे आवडू लागले, हे कबूल करतो. शाळेत जे मिळाले नव्हते ते ठाण्यात मिळत होते.

आणि मग एक गोष्ट घडत गेली, जी तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. माझ्यावर विश्वास बसल्यामुळे लोकांनी ऐकणे सोडून दिले. मी वाचायला सुरुवात केली की म्हणत, “असू द्या, मास्तर. तुमी लिवलंय न्हवं? मंग झालं.” आणि माझे वाचून व्हायच्या आधी अंगठा शाईत बुडवून, कागदावर टेकवून, तो डोक्याच्या केसांना पुसून मोकळे होत. पहिल्यांदा मी अडवायचो. पुढे अडवेनासा झालो. वाचून दाखवल्यामुळे जो मान मिळाला, त्या मानापायी वाचायचेच राहून जाऊ लागले.

घरी मी हे थोड्या अभिमानाने सांगितले. पत्नी भाकरी थापत होती. मान वर न करता ती आमच्या दखनीत म्हणाली, “वो इज्जत नै जी. सोय है उनकी.” मला ते बोलणे रुचले नाही.

ज्या गावाविषयी सांगायचे आहे त्या गावच्या ओढ्याकाठी शिंदीचे बन होते. शिंदीच्या झाडांपासून निघणाऱ्या दारूवर सरकारी उत्पन्न अवलंबून असे, म्हणून राज्याविरुद्ध असंतोष दाखवायचा तर त्या काळी शिंदीवर कुऱ्हाड चालवीत. एके सकाळी वार्ता आली की बन तोडले आहे. आमच्या अमीनसाहेबांना वरून लखोटा आला. अमीन म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. लखोट्यात एवढेच होते की गुन्हेगार लवकर दिसला पाहिजे.

पंचनाम्यासाठी मला पाठवले. गावचे निवृत्ती पाटील आणि आणखी चौघे पंच म्हणून आले. पाटील साठीकडे झुकलेले, उंच, बोलण्यात सावकाश. अक्षरओळख त्यांना नव्हती, पण गावात त्यांच्या शब्दापुढे कागद चालत नसे. आम्ही ओढ्यावर गेलो, बुंधे पाहिले, मोजले. पाहायला दुसरे काही नव्हते. कुऱ्हाड नाही, माणूस नाही, पावले असली तरी गुरांनी तुडवलेली. मी झाडाखाली बैठक मारली आणि दऊत उघडली.

दिवस ज्वारी काढणीचे होते. पाचांच्याही रानात माणसे ओणवी होती आणि हे पाचजण माझ्या टाकाकडे पाहत बसले होते. पाटील म्हणाले, “मास्तर, लिवायला किती येळ?”

“तासभर तरी.”

“मंग असं करा. कोऱ्यावर अंगठं घ्या. तुमी सावलीला बसून निवांत लिवा. काय पाह्यलं ते तुमीबी पाह्यलंय, आमीबी पाह्यलंय.”

“तसं चालत नाही, पाटील. वाचून दाखवावं लागतं.”

“आजवर कदी चुकीचं लिवलंय का तुमी?”

या प्रश्नाला नाही म्हणावे तर मोह, हो म्हणावे तर खोटे. मी कोरा कागद पुढे केला. पाचांनी खालच्या बाजूला ओळीने अंगठे टेकवले, डोक्याला पुसले आणि हसत रानाकडे गेले. एकजण जाता जाता म्हणाला, “मास्तर, आमच्या जिमिनी लिवून घेऊ नका बरं का.” तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

खरोखर तिथेच बसून लिहायला हवे होते. परंतु दऊतीतली शाई उन्हाने घट्ट झाली होती, आणि ठाण्यात जाऊन सुवाच्य लिहू, असा मी विचार केला. सुवाच्य अक्षराचा मला फार लोभ.

ठाण्यात अमीनसाहेबांनी दप्तर मागितले. पाच अंगठ्यांचा कोरा कागद त्यांनी उजेडात धरला आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. कौतुक होते, आणि तेच जास्त वाईट वाटले.

“मास्तर,” ते म्हणाले, “वीस वर्षं नोकरी झाली. असा कागद मला आजवर कुणी दिला नाही. बसा. सांगतो ते लिहा.”

त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. त्या गावचा ज्ञानोबा नावाचा तरुण शेतकरी, प्रभातफेऱ्यांत पुढे असणारा, त्याच्या घराची झडती पंचांसमक्ष घेतली आणि आढ्याला खोचलेली कुऱ्हाड निघाली, पात्याला शिंदीचा चीक होता. अमीनसाहेब वाईट गृहस्थ नव्हते. झाडे ज्ञानोबानेच तोडली अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या मते खोटे होते ते केवळ कागदापुरते, गोष्ट खरी होती. ती खरी होती की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि आजही नाही.

मी नकार का दिला नाही? पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. नोकरी अजून पक्की नव्हती, तीन मुली होत्या, समोर साहेब होते. ही कारणे खरी आहेत, परंतु पुरेशी वाटत नाहीत. त्या वेळी मी मनाशी एक हिशेबी समजूत करून घेतली. पंचांना अदालतीत बोलावतील, ते म्हणतील की आम्ही असे काही पाहिले नाही, आणि कागद आपोआप पडेल. म्हणजे माझा भित्रेपणा मी त्या पाचांच्या खरेपणाच्या गळ्यात बांधला. शेवटी ते ठरलेले वाक्यही लिहिले. पढकर सुनाया गया, सही तसलीम किया. साऱ्या कागदात त्या एका ओळीआधी मी टाक दोनदा दऊतीत बुडवला. झडतीचे खोटे साहेबांचे होते, ही ओळ माझी होती.

ज्ञानोबाला कोठडीत घातले. त्याची आई भागाबाई रोज दुपारी भाकरी घेऊन पायी येई. ओट्यावर बसे, भाकरी आत पाठवी आणि फडके झटकून परत जाई. तिसऱ्या दिवशी तिने मला गाठले.

“मास्तर, माझ्या लेकराचा कागुद कुणी लिवला?”

“मी.”

तिने श्वास सोडला. “मंग बरं हाय,” ती म्हणाली. “तुमी लिवलंय तर काय भ्या न्हाय.”

ती निघून गेली तेव्हा गफूरमियाँ समोरच होते. त्या दिवशी त्यांनी शाळेची थट्टा केली नाही.

तारीख जवळ आली तेव्हा मी पाटलांच्या मळ्यावर गेलो. सगळे सांगून टाकायचे, असे ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्येही जुळवली होती. पाटलांनी खाट टाकली, ताक मागवले. मी म्हणालो, “पाटील, परवा अदालतीत तुम्हांला विचारतील.”

“इचारू द्या की.”

“त्या कागदात काय लिहिलंय ते तुम्हांला ठाऊक हवं.”

“तुमाला ठावं हाय न्हवं?” पाटील म्हणाले. “मंग आमाला कशाला? आमी म्हणू, मास्तरांनी लिवलंय ते खरं. कसली काळजी करताय, ताक घ्या.”

मी ताक घेतले. जुळवलेली वाक्ये त्याबरोबर पोटात गेली. परत येताना मला प्रथमच भीती वाटली की मी धरून चाललो होतो तसे हे लोक खरे बोलणार नाहीत. ते मी लिहिले तसे बोलतील.

आणि तसेच झाले. अदालतीत मुन्सिफसाहेबांपुढे, म्हणजे तालुक्याच्या न्यायाधीशांपुढे, निवृत्ती पाटील पहिले उभे राहिले. पटका नीट केला, अंगठा ओळखला. आरोपीच्या कठड्यात ज्ञानोबा, दाराशी भागाबाई, भिंतीकडच्या बाकावर अमीनसाहेब आणि त्यांच्या मागे दप्तर मांडीवर घेतलेला मी.

मुन्सिफसाहेबांनी विचारले, “या माणसाच्या घरातून तुमच्यासमोर कुऱ्हाड निघाली?”

पाटलांच्या चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ दिसला. त्यांनी ज्ञानोबाकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “निघाली असंल, हुजूर. मास्तरांनी लिवलंय की.”

“तुम्ही पाहिली का?”

“मास्तर खोटं लिवत न्हाईत.”

“मी तुम्हांला विचारतो आहे.”

“त्येच सांगतूया, हुजूर. मास्तरांनी लिवलंय, मंग निघालीच असंल. कुऱ्हाड काय, घरोघर असती. माझ्याबी घरात हाय.”

लोक हसले. अमीनसाहेबांची पाठ माझ्यासमोर होती. ती सैल झालेली मला दिसली. ज्या खरेपणावर मी विसंबलो होतो, तो खरेपणा माझ्यावर विसंबून होता. दोघेही एकमेकांच्या आधाराने उभे होतो आणि खाली काही नव्हते.

मी कसा उठलो ते आठवत नाही. दप्तर मांडीवरून पडले, त्याचा आवाज झाला आणि सगळ्यांनी पाहिले, म्हणून उभे राहावेच लागले, असेही असेल. मी म्हणालो, “हुजूर, या कागदातली शेवटची ओळ खोटी आहे.”

“कुठली ओळ?”

“वाचून ऐकवले, ही. वाचून ऐकवलेले नाही. परवानगी असेल तर आता ऐकवतो.”

साऱ्या कागदातल्या खोट्यापैकी मी फक्त एवढेच खोटे कबूल केले. तेवढेच माझ्याने झाले.

मुन्सिफसाहेबांनी कागद माझ्या हाती दिला. मी पाटलांसमोर उभा राहिलो आणि ठाण्यात वाचायचो तसे मराठीत, सावकाश, एकेक ओळ वाचली. झडती. आढे. कुऱ्हाड. चीक. वाचून झाल्यावर सवयीने म्हणालो, “आता तुमच्या तोंडानं सांगा, पाटील, मी काय लिहिलंय?”

पाटील कागदाकडे वाकले. मग हळूच विचारले, “असंच लिवलंय?”

“असंच लिहिलंय.”

“तुमीच लिवलंय?”

“मीच.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. दहा वर्षे ओळखीच्या बैलाने एकाएकी शिंग उगारावे आणि धन्याने काठी उचलण्याऐवजी नुसते पाहत राहावे, तसे ते पाहणे होते. मग ते मुन्सिफसाहेबांकडे वळले.

“हुजूर, म्या डोळ्यानं कुऱ्हाड न्हाय पाह्यली. आमी वढ्याला गेलतो. ह्याच्या घरला न्हाय गेलो. पर मास्तर खोटं लिवत न्हाईत. आता ही दोनी एका जागी कशी बसवायची ते तुमी बघा. तुमी शिकलेले.”

या वेळी कोणी हसले नाही.

बाकीच्या चौघांनीही मग ओढ्याचेच सांगितले. ज्ञानोबा सुटला. पाटलांचे ते शेवटचे बोलणे मी असंख्य वेळा मनात उलगडून पाहिले आहे. तो टोमणा होता का? मला वाचवण्यासाठी टाकलेला शब्द होता का? की खरोखरच त्यांना दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या, स्वतःचे डोळेही आणि माझे अक्षरही? तिन्ही अर्थ मला पटतात, आणि एक धरला की दुसरे दोन हातातून निसटतात.

अमीनसाहेब मला रागे भरतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “मास्तर, तुम्ही मलाही वाचवलं नाही आणि त्या पंचांनाही धड वाचवलं नाही. काय केलंत ते तुम्हांला तरी कळलं का?” महिन्याभरात माझी मुरुमला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी भागाबाई ठाण्यात आली. ओल्या हरभऱ्याची पेंढी तिने माझ्या मेजावर ठेवली आणि माझ्याकडे न पाहता निघून गेली. तो हरभरा आभाराचा होता की हिशेब मिटवण्याचा, हे पत्नीला विचारले. ती म्हणाली, “पयले खाव.”

मुरुमला कानडी बोलणारेही पुष्कळ येत. तिथे मी एकही अंगठा वाचून दाखवल्याशिवाय घेतला नाही. दुभाष्या लावून, वदवून, उशीर करून, शिव्या खाऊन. तिथे मला कोणी विशेष मान दिला नाही. कटकट्या म्हणत. त्या काळात मला शांत झोप लागे.

पुढे राज्य बदलले. निजामाचा अंमल गेला आणि जुन्या पोलिसांची गावोगाव चौकशी सुरू झाली. कोणी काय जुलूम केला, हे लोकांनी निर्भयपणे सांगावे, असे दवंडीने कळवले. मलाही बोलावणे आले, त्याच गावच्या चावडीवर. दिवस असे होते की माझ्यासारख्या मुसलमान नावाच्या माणसाने साफा काढून त्या रस्त्याने जाणे सोपे नव्हते. घरी मुलींना मी परंड्याला जाऊन येतो एवढेच सांगितले.

चावडीत नवे अधिकारी बसले होते, तरुण, सभ्य, घाईत असलेले. कागद आता मराठीत लिहिला जात होता. निवृत्ती पाटील थकले होते, नातवाच्या खांद्याला धरून आले. माझ्याविषयी त्यांची जबानी झाली तेव्हा मला बाहेर बसवले होते. ते काय बोलले ते मी ऐकले नाही. थोड्या वेळाने आतून त्यांचाच आवाज आला.

“अंगठा देतो, सायेब. पर आदी वाचून दाखवा.”

“मी वाचतो, आजोबा.”

“तुमी नगं. मास्तरांला बलवा.”

“अहो, ज्यांच्याविषयी जबानी आहे, त्यांनीच वाचायची?”

“मंग दुसरं कोण? आमच्या गावाला त्येंच्याच वाचण्याची सवं लागलीया. आन् त्येंनीच सांगितलंय, वाचल्याबिगर अंगठा देऊ नगं म्हून.”

असे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. परंतु अधिकाऱ्यांनी हसून मला आत बोलावले आणि कागद हाती दिला.

मी उभ्याने वाचू लागलो. ‘मास्तर स्वभावाने गरीब. कोणास मारले नाही. शिवी दिली नाही. वाचून दाखवीत, समजावीत.’ पुढच्या ओळीशी माझे डोळे आधी पोचले. ‘एकदा यांनी आम्हा पाचजणांचे कोऱ्या कागदावर अंगठे घेतले व त्यावर गावच्या तरुणाविरुद्ध खोटा पंचनामा लिहिला.’

अधिकारी दुसऱ्या कागदात गढले होते. पाटलांना वाचता येत नव्हते. त्यांचा नातू दाराशी उभा होता. एवढी एक ओळ गाळून खालच्या ओळीवर उतरलो असतो, तर चावडीत कोणाला कळले नसते. माझी नोकरी त्या ओळीत होती, आणि त्या दिवसांत नोकरीहून अधिकही काही होते. मी पाटलांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटले होते. ऐकत होते की झोपले होते, सांगता येईना.

मी ती ओळ वाचली. फार हळू वाचली गेली, म्हणून पुन्हा मोठ्याने वाचली.

पाटलांनी डोळे उघडले. मी म्हणालो, “आता तुमच्या तोंडानं सांगा, मी काय वाचलं?”

त्यांनी सगळे सांगितले, पहिल्यापासून. त्या ओळीसकट, जशीच्या तशी. मग शाईत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि पटका मागे सारून केसांना पुसला.

अधिकाऱ्यांनी त्या ओळीपायी मला आठ महिने घरी बसवले आणि मग त्याच कागदाच्या आधाराने परत घेतले. कोणत्या ओळीच्या, हे हुकुमात लिहिलेले नव्हते.

चावडीच्या पायऱ्या उतरताना पाटलांनी नातवाचा खांदा सोडून माझा धरला होता. खाली आल्यावर ते म्हणाले, “मास्तर, मला वाटलं व्हतं, येखादी वळ गाळताल.”

“गाळली असती तर तुम्हांला कसं कळलं असतं?”

“कळलं नसतं,” पाटील म्हणाले. “म्हून तर तुमाला बलवलं.”

आणि माझा खांदा न सोडता ते वेशीकडे चालू लागले.